देवास ते धार, व्हाया ड्रेस्डेन

यंदा जानेवारीत तीन आठवड्यांसाठी देवासला घरी गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी भाच्याने अंगणात नवी कोरी गाडी आणून उभी केली. जावा ४२. ताईने हो-नाही करता करता शेवटी घेऊन दिली होती.

"मामा, धारला जाऊ या का? आत्याआजी कधीची बोलावते आहे. एक गाडी माझी, एक बाबांची."

हेल्मेट गाडीच्या आरशावर लटकत होतं. मी विचारलं, "हे डोक्यावर का नाही?"

"अरे, चेकिंग असतं तिथे घालतो ना."

वीस वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पुढच्या वर्षी जर्मनीत एमएस करायचं त्याच्या डोक्यात आहे. त्याचं उत्तर ऐकून मला राग आला नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मी शब्दशः हेच सांगत असे. मी म्हटलं, "धारला जाऊ. पण आधी दोन सकाळी माझ्याबरोबर रिकाम्या रस्त्यावर यायचं. ताशी पन्नासवरून गाडी थांबवून दाखवायची."

तो हसला. "थांबवायला काय शिकायचं?"

२०१८ साली ड्रेस्डेनला मीही असाच हसलो होतो. त्या हसण्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. आपल्या घरातली बरीच मुलं-मुली आज बाहेर जायच्या तयारीत आहेत, काही गेलीही आहेत. त्यांच्या उपयोगी पडावा.

येझदीची शाळा

मी गाडी शिकलो बाबांच्या येझदीवर. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना आठवत असेल, किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा वर फिरवून किक मारायची, परत खाली आणला की तोच गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, दोन सायलेन्सरमधून धूर आणि तो ओळखीचा आवाज. बाबा वळणावर आले की आई घरात कुकर खाली उतरवत असे.

सोळाव्या वर्षी मी माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन गेलो. लायसन्स अर्थातच नव्हतं. क्लच कसा सोडायचा, चढावर गाडी बंद न पडता कशी काढायची, किक उलटी बसली तर पाय कसा वाचवायचा, सगळं बाबांनी शिकवलं. ब्रेकबद्दल एकच वाक्य होतं: "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील." देवासमध्ये तेव्हा सगळ्यांचे वडील हेच सांगायचे. पुढे लायसन्स काढलं तेव्हा परीक्षा म्हणजे मैदानात एक आठ काढून दाखवणं. दोन मिनिटांत झाली.

कॉलेज इंदूरला. देवास-इंदूर अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे आम्ही काही जण कधी बसने, कधी गाडीने जायचो-यायचो. २००९ च्या फेब्रुवारीत आमचा एक वर्गमित्र रात्री इंदूरहून परतत होता. रस्त्याच्या कडेला बटाट्याची ट्रॉली उभी होती. लाइट नाही, लाल रिफ्लेक्टर नाही, मागे दगड लावून ठेवलेले. तो तिच्यावर आदळला. हेल्मेट घरी होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जण तिथे गेलो. डांबरावर टायरची एक लांब काळी रेघ होती, सरळ ट्रॉलीपर्यंत गेलेली. एकच रेघ. आम्ही सगळे म्हणालो, बिचाऱ्याने ब्रेक तर दाबला होता, पण गाडी थांबलीच नाही. नशीब, दुसरं काय.

त्या रेघेचा अर्थ मला नऊ वर्षांनी कळला.

नव्या देशात पुन्हा पहिलीत

२०१७ मध्ये नोकरीनिमित्त ड्रेस्डेनला आलो. जर्मनीत राहायला आल्यावर भारतीय लायसन्स सहा महिने चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. जुना अनुभव असल्यामुळे शिकवणीच्या ठरावीक तासांची सक्ती नसते, पण परीक्षेत सूट नाही. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग हेही असतं. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. ३० प्रश्न, आणि चुकांचे दहापेक्षा जास्त गुण झाले की नापास.

मला वाटलं होतं, दोन तास सरावाला पुरतील. चौदा वर्षं गाडी चालवलेला माणूस मी. आमचे शिक्षक साठीच्या जवळचे, कमी बोलणारे. त्यांनी मला एका मोकळ्या जागेवर नेलं, दोन शंकू ठेवले आणि सांगितलं: ताशी पन्नासने ये आणि पहिल्या शंकूपासून जमेल तितक्या कमी अंतरात थांब.

मी आलो आणि सवयीने उजवा पाय दाबला. त्यांच्याकडच्या शिकवणीच्या जुन्या गाडीला एबीएस नव्हतं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी शेपूट हलवत घसरत गेली आणि दुसऱ्या शंकूच्या बरीच पुढे जाऊन थांबली. खाली उतरून मागे पाहिलं, तर सिमेंटवर एक लांब काळी रेघ होती. एकच.

मी तिथे बराच वेळ काही न बोलता उभा राहिलो. शिक्षकांना वाटलं मी घाबरलो.

आता त्यामागचं साधं गणित सांगतो. ब्रेक लावला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक जमिनीवर जोराने दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलकं चाक रस्त्याला पकडू शकत नाही, म्हणून ते अडकतं आणि घसरतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला साधारण साडेतीन मीटर प्रतिसेकंद इतकाच कमी होतो. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर सराव असलेला माणूस सात सहज गाठतो, म्हणजे दुप्पट.

ताशी ८० चा वेग धरा. समोरचं दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर दोन्ही ब्रेक लावणारा आणखी ३५ मीटरमध्ये थांबतो. फक्त मागचा ब्रेक लावणाऱ्याला ७० मीटर लागतात. जिथे पहिला पूर्ण थांबलेला असतो, तिथे दुसरा अजून ताशी ५७ च्या वेगाने चाललेला असतो. त्या रात्रीच्या रेघेचा अर्थ हा होता. त्यात नशीबही असेल, पण आम्हाला कुणी न शिकवलेली एक गोष्टही होती.

पुढचा ब्रेक लावला की उलटतो, हे बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एकदम झटक्याने आवळला, वळणात किंवा वाळूवर आवळला, तर माणूस पडतोच. म्हणून तो आवळायचा नसतो, पिळायचा असतो. आधी हलका, वजन पुढे आलं की जोरात. लिंबू पिळताना आपण जसं करतो तसं. हे वाचून येत नाही. मी त्या शंकूंपाशी साठ-सत्तर वेळा तरी केलं असेल.

नापास

तरी पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. परीक्षक शिक्षकांबरोबर मागच्या कारमध्ये बसतात आणि हेल्मेटमधल्या रेडिओवरून सूचना येतात. ब्रेकचे, वळणाचे, चालण्याच्या वेगात सरळ गाडी नेण्याचे सगळे प्रकार ठीक झाले. नंतर एका वस्तीत शिरलो. पाटी नसलेला छोटा चौक होता, उजवीकडून एक लाल कार येत होती. मी तिच्या आधी निघून गेलो. रेडिओवर आवाज आला, गाडी बाजूला घ्या. परीक्षा संपली.

तिथे पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग ती सायकल का असेना. मी घरी येऊन चिडचिड केली. आमच्याकडे असलं काही नसतं, ज्याची गाडी मोठी तो आधी जातो. मग कुतूहल म्हणून शोधलं, तर आपल्या १९८९ च्या वाहतूक नियमावलीत हेच लिहिलेलं सापडलं: अशा चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी. नियम आपल्याकडेही होता. चौदा वर्षांत मी तो वाचला नव्हता आणि मला कुणी विचारलाही नव्हता.

दुसऱ्यांदा पास झालो. त्यातून लागलेली एक सवय आजही सुटत नाही. लेन बदलण्याआधी आणि वळण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. जर्मनीत त्याला शुल्टरब्लिक म्हणतात, म्हणजे खांद्यावरची नजर. आरशात न दिसणारा एक कोपरा असतो आणि ट्रक नेमका त्यात असतो.

सुरक्षेचं हे वेड उगीच नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. त्याच वर्षी जर्मनीत गेलेल्यांचा आकडा सुमारे २,८०० आहे. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर आपल्याकडे लाखामागे बारा, तिथे साडेतीनच्याही आत. जर्मन माणूस आपल्यापेक्षा हुशार आहे असं मला आठ वर्षांत तरी दिसलेलं नाही. त्याला ब्रेक शिकवलेला असतो, एवढाच फरक मला दिसतो. चांगले रस्ते आणि वेळेवर येणारी ॲम्ब्युलन्स हा भाग वेगळा, तो आपल्या एकट्याच्या हातात नाही.

जावातला "वा"

ड्रेस्डेनहून चेक सीमा अगदी जवळ आहे. उन्हाळ्यात रविवारी तिकडे गाडी घेऊन गेलं की एखाद्या गावात जुनी जावा हमखास दिसते. चेक लोक तिला "यावा" म्हणतात. १९२९ मध्ये फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकचा "या" आणि वांडररचा "वा". ही वांडरर कंपनी होती केम्निट्सची, माझ्या घरापासून ऐंशी किलोमीटरच्या आत.

म्हणजे ज्या गाडीवर मी देवासला शिकलो, तिच्या नावातली अर्धी अक्षरं सॅक्सनीची. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावामध्ये या गाड्या बनू लागल्या, पुढे त्यांचं नाव येझदी झालं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जावा पुन्हा बाजारात आली ती कुठून? पीथमपूरहून. आपल्या धार जिल्ह्यातून.

इंदूर-देवासच्या मुलांना पीथमपूर म्हणजे फक्त प्लेसमेंटचं ठिकाण वाटतं. पण तुमच्यापैकी अनेकांच्या आईने किंवा मावशीने चालवलेली कायनेटिक होंडा तिथेच बनत होती. आता तिथे नॅट्रॅक्स म्हणजे वाहनांच्या चाचणीचं मोठं केंद्र आहे. २०२१ मध्ये सुरू झालेली तिथली ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी आशियातली सर्वांत लांब आहे. गाडी नीट थांबते की नाही हे जिथे मोजलं जातं ते ठिकाण आपल्या घरापासून दोन तासांवर, आणि आपल्या मुलांना ते शिकायला मात्र परदेशी जावं लागतं.

खडू आणि पावलं

भाच्याला घेऊन दोन सकाळी गेलो. गावाबाहेर नवीन कॉलनीचे प्लॉट पाडलेले आहेत. रस्ता झाला आहे, घरं अजून नाहीत. खडूने आडवी रेघ मारली. त्याला हेल्मेट, माझं जाड जॅकेट आणि हातमोजे घातले. कुरकुर केली, पण घातले.

पहिल्यांदा त्याच्या पद्धतीने थांबायला सांगितलं. ताशी पन्नासवरून मागच्या ब्रेकवर. एबीएस होतं म्हणून गाडी घसरली नाही, पण थांबायला ३८ पावलं लागली. मी मोजली, मग त्याने स्वतः मोजली. आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक अडकू देत नाही इतकंच. तुम्ही पुढचा ब्रेक लावलाच नाही, तर ते तुमच्यासाठी लावत नाही.

मग चालण्याच्या वेगापासून सुरुवात केली. वीस, तीस, चाळीस. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात कोपरात सैल, नजर चाकाकडे नाही, लांब. दुसऱ्या सकाळी तो २३ पावलांवर आला. १५ पावलांचा फरक. त्याने मागे वळून खडूच्या रेघेकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, तुझा तो मित्र... त्याला कळलं असतं तर वाचला असता?"

मी म्हटलं, "माहीत नाही. हेल्मेट आणि हे, दोन्ही असतं तर कदाचित."

त्यानंतर हेल्मेट आरशावर दिसलं नाही.

आणि माझी चूक

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. धुकं होतं. शिप्रेच्या पुलावर हात गारठले. मांगलियापासून बायपास धरला, इंदूर टाळून धारचा रस्ता. बेटम्याच्या पुढे एका पंपावर पेट्रोल भरलं, समोरच पोहे-जिलबी खाल्ली, वर शेव आणि जिरावण. आठ वर्षांत या चवीसाठी किती वेळा तडफडलो त्याचा हिशेब नाही.

पोटभर खाऊन, खुशीत गाडी काढली आणि रस्त्यावर आलो. सरळ उजव्या बाजूला.

रस्ता रिकामा होता, समोर काही नव्हतं, आणि आठ वर्षांची सवय हाताला उजवीकडे घेऊन गेली. मला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. मागून भाचा सारखा हॉर्न वाजवत होता. मला वाटलं पोरगं मजा करतंय. मग धुक्यातून ट्रकचे दिवे दिसले, समोर, माझ्याच बाजूला. मी कडेच्या मातीत उतरलो. ट्रक हॉर्न देत निघून गेला.

भाचा शेजारी येऊन थांबला. मला वाटलं आता बोलेल, कारण दोन दिवस मी त्याला भरपूर बोललो होतो. तो एवढंच म्हणाला, "मामा, आता मी पुढे राहतो. तू माझ्या मागे ये."

मी निमूट मागे गेलो. तो प्रत्येक वळणाआधी मान वळवून खांद्यावरून बघत होता. मला दाखवायला की खरोखर, कोण जाणे. घाटाबिल्लोदला एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला तेव्हा तो दोन्ही ब्रेकवर सरळ थांबला. मीही थांबलो.

आत्याचा वाडा

धारला आत्याने दारातच दोघांची जॅकेट-हेल्मेटं बघून विचारलं, "अरे, गाडी चालवता की लढाईला निघालात?"

जेवताना आमच्या घराण्याचा विषय निघाला, तो धारला निघतोच. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आले असं घरात सांगतात. नोव्हेंबर १७२८ मध्ये धारजवळ अमझेऱ्याला चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सुभ्याची फळी मोडली, त्यात उदाजी पवार होते. पुढे धारला पवारांचं राज्य झालं. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांची थोरली आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं. शेवटच्या पेशव्याचा, दुसऱ्या बाजीरावाचा जन्मही १७७५ मध्ये धारच्याच किल्ल्यातला.

भाच्याने विचारलं, "ते लोक घोड्यावरून आले, त्यांना इकडचं जमलं कसं?"

आत्या म्हणाली, "न जमून सांगतात कुणाला? शिकले असतील."

स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं आणि पावसाळ्याच्या आत परतायचं, कारण माळव्याच्या काळ्या मातीत पावसात घोडा रुततो. मला हसू आलं. माझ्या ड्रेस्डेनच्या गाडीला हंगामी नंबरप्लेट आहे, मार्च ते ऑक्टोबर. बाकीचे महिने बर्फामुळे गाडी गॅरेजमध्ये. त्यांचा हंगाम संपायचा तेव्हा माझा भर हंगाम असतो. पण मुलूख बदलला की चाल बदलावी लागते हे त्यांनाही करावं लागलं असणार, आणि परत जाताना पुन्हा जुनी चाल आठवावी लागली असणार. बेटम्याला मी तेच विसरलो होतो.

जाणाऱ्यांसाठी आणि येणाऱ्यांसाठी

बाहेर जाणार असाल तर तिथे आपलं लायसन्स किती दिवस चालतं ते निघण्याआधी बघून ठेवा. जर्मनीत सहा महिने, ब्रिटनमध्ये बारा. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. मुदत संपल्यावर चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. नापास झालात तर लाज वाटून घेऊ नका.

सुट्टीत घरी येणाऱ्यांनी पहिले दोन दिवस एकट्याने गाडी काढू नये. पंप, ढाबा, रिकामा रस्ता, या तीन जागी बाजू चुकते. गर्दीत चुकत नाही, कारण तिथे बाकीचे आपल्याला सांभाळतात. हँडलवर डावीकडे एक रंगीत पट्टी चिकटवा. मी आता तेच करतो.

आणि घरी ज्यांच्याकडे वीस वर्षांचं पोरगं आणि नवी गाडी आहे, त्यांनी एक खडू घेऊन एका रिकाम्या रस्त्यावर जावं. पावलं मोजावीत. वडिलांनी आधी स्वतःची मोजावीत.

आमच्या बाबांनी त्या दुसऱ्या सकाळी कडेला खुर्ची टाकून सगळं पाहिलं होतं. एक्काहत्तर वर्षांचे आहेत, गाडी सोडून चार वर्षं झाली. घरी परतताना म्हणाले, "मी तुला उलटं शिकवलं रे." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं?" त्यांनी मान हलवली. संध्याकाळी येझदीवरची धूळ त्यांनी स्वतः पुसली.

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. फक्त "१९" लिहिलं होतं.